केळीच्या खांबाचं कापड : संशोधन पुढे गेलंय, की पुन्हा नुसती मशीनच विकतायत?

तापीकाठ (धागाकर्ता, म्हणजे ही चर्चा सुरू करणारा)

मंडळी, नमस्कार. नोकरीला नाशिकला आहे, घर रावेर तालुक्यात. आठ एकर, त्यात पाच एकर केळी, बाकी कपाशी आणि हरभरा. गेल्या आठवड्यात घरी गेलो तर ओट्यावर दोन पोरं बसलेली, भर उन्हात टाय लावून. आईने चहा दिलेला. केळीच्या खांबातून धागा काढायचं मशीन विकायला आली होती. म्हणे, काका, तुमच्या बांधावर पैसा सडतोय. जगात आता सगळं संशोधन पर्यावरणपूरक कापडावर चाललंय, पाच वर्षांत कापूस मागे पडणार, केळीचं कापड पुढे येणार.

आप्पांनी एकच विचारलं, "माल घेणार कोण?"
"मार्केट आहे ना काका."
"ते तर केळीलाबी आहे," आप्पा म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

मशीनवाल्यांचं मला नवल नाही. मागे कोरफडवाले येऊन गेले, त्याआधी सफेद मुसळीवाले. पण प्रश्न डोक्यात राहिला. पर्यावरणपूरक कापडाचं संशोधन खरंच कुठवर आलंय? नेमकं काय बदलायचं, धागा, रंग, की शेती? इथे सुरतेत प्रोसेसिंगला असलेले, सूतगिरणीतले, कॉलेजातले लोक आहेत म्हणून विचारतोय. नेटवर शोधून दमलो. प्रत्येक लेखात एक हिरवं पान आणि एक हसणारी बाई.

निंबाभाऊ

ते टायवाला आम्हना गावलेबी उनात भो. चहा पीसन गयात.

वाचनमात्र

वाचतोय. आप्पांना दंडवत.

सूतगिरणी

तापीकाठ, एकतीस वर्षं रिंग फ्रेम खात्यात काढली, आता निवृत्त आहे. रंगातलं मला काही कळत नाही, धाग्याचं सांगतो.

कापसाचा तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवर वाढते, बोंड उमललं की वाळून चपटी होते आणि आपसूक पीळ घेते. हे पीळ एकमेकांत अडकतात म्हणून सूत निघतं. आपल्याकडच्या हायब्रीडचा तंतू २८-३० मिलिमीटरचा. केळीचं तसं नाही. तिचा तंतू म्हणजे कित्येक पेशींची जुडी, लिग्निन आणि पेक्टिनने चिकटलेली. हात-दीड हात लांब, ताठ, चकचकीत. दिसायला रेशीम, हाताला सुतळी. दोर वळा, चटया विणा, पायपुसणी करा, झकास होतात. शर्टाचं सूत काढायचं तर आधी कापसाएवढे तुकडे पाडा, गोंद सोडवा, मऊ करा आणि मग कापसात मिसळा.

आम्ही एकदा मिसळला होता. गिरणीचं नाव सांगत नाही. मालकाच्या जावयाला कुठल्याशा प्रदर्शनात कोणी भेटलं आणि चार पोती तंतू येऊन पडला. शेकडा वीस केळी, ऐंशी कापूस. निम्मा कार्डिंगलाच (पिंजणीलाच) खाली पडला, उरलेला हवेत. बाया तोंडाला फडकी बांधून खोकत होत्या. रिंग फ्रेमवर धागा इतका तुटायचा की सांधून सांधून साइडर पोरी रडकुंडीला आल्या. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः खात्यात आले, बॉबिन हातात घेऊन उलटसुलट पाहिली, म्हणाले, याचं करायचं काय? आमचा जॉबर (खात्याचा मुकादम) म्हणाला, "शेठ, गच्चीवर कपडे वाळत घालायला दोरी होईल."

शाल्मली_क

काका, तुमच्या जॉबरला माझा नमस्कार सांगा!

मी मूळची चोपड्याची, सध्या माटुंग्याला टेक्स्टाईल केमिस्ट्रीत पीएचडी करतेय. तुमचा अनुभव खराच आहे, पण तो नुसता खरवडून काढलेल्या तंतूचा. आता प्रयोग चाललेत ते गोंद सोडवण्यावर. पूर्वी त्यासाठी कॉस्टिकमध्ये उकळायचे. आता पेक्टिनेज, झायलनेज, लॅकेज अशी विकरं, म्हणजे एन्झाइम, वापरून पाहतात. तंतू बारीक होतो, मऊ होतो, कापसात मिसळतोही बऱ्यापैकी. अडचण दोन ठिकाणी येते. गोंद जातो तसं वजन जातं, आणि खांबात मुळात तंतू असतोच किती? शंभर किलो खांबातून वाळलेला तंतू जेमतेम किलोभर, कधी तेवढाही नाही. बाकी सगळं पाणी.

दुसरी वाट म्हणजे तंतू तंतू म्हणून वापरायचाच नाही. सेल्युलोज विरघळवायचं आणि नव्याने धागा ओढायचा. व्हिस्कोस असंच बनतं, पण त्यात कार्बन डायसल्फाइड लागतं, जे कामगारांच्या मज्जासंस्थेला बाधतं. लायोसेलमध्ये एनएमएमओ नावाचं द्रावक असतं आणि ते ९९ टक्क्यांच्या वर परत मिळवता येतं. त्यामुळे जगभर धडपड अशी चाललीय की लाकडाऐवजी पेंढा, पऱ्हाटी, केळीचा खांब, जुने कपडे, जे हाताशी असेल ते या पद्धतीत घालायचं. प्रयोगशाळेत पुष्कळ काही जमतं. कारखाना उभा करायचा तर तो अवाढव्यच लागतो. स्वीडनमध्ये रिन्यूसेल नावाच्या कंपनीने जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करायचा खराखुरा कारखाना काढला. तंत्र चाललं. पुरेशा ऑर्डरी आल्या नाहीत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळं निघालं.

म्हणजे "माल घेणार कोण" हा आप्पांचा प्रश्न तिकडेही कुणाला सुटला नाही.

तापीकाठ

शाल्मलीताई, आप्पांना फोनवर वाचून दाखवलं. स्वीडनचं ऐकून त्यांना बरं वाटलं असं आवाजावरून वाटलं.

रंगारी_उधना

सगळे धाग्यावरच बोलताय म्हणून मध्ये तोंड घालतो. गाव साक्री, पोट उधन्याला. भुसावळ-सुरत लाईनवर आमच्यासारखे किती जण लटकून आले याची मोजदाद कुणाकडे नसेल. सतरा वर्षं डाईंगच्या लॅबमध्ये आहे.

धागा केळीचा असो, कापसाचा असो की बांबूचा, तो रंगायला आमच्याकडेच येतो आणि पाणी, वाफ, मीठ इथे लागतं. सुती कापडाची खळ काढण्यापासून शेवटच्या साबणधुलाईपर्यंत किलोमागे शंभर लिटर पाणी सहज जातं. मीठ कशाला, तर पाण्यात कापसाचा पृष्ठभाग ऋण विद्युतभाराचा आणि रिअॅक्टिव्ह रंगही ऋण. दोघं एकमेकांपासून लांब पळतात. मीठ टाकून रंगाला कापसाकडे ढकलावं लागतं. गडद शेड असेल तर लिटरला साठ-ऐंशी ग्रॅम. एवढं करून वीस-तीस टक्के रंग धाग्याला न धरता पाण्याशीच लग्न लावतो आणि गटारात जातो. रंग कसाही काढता येतो, मीठ जात नाही. जिवाणू मीठ खात नाहीत. आरओ लावा, उरलेलं आटवा, मग खाली राहिलेल्या गाळाचं काय ते बघा.

तामिळनाडूत तिरुपूरला हेच झालं. नोय्यल नदीच्या खालच्या अंगाला शेतं गेली, शेतकरी कोर्टात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने सातशेहून जास्त डाईंग युनिट बंद करायला लावली. त्यानंतर तिथे पाणी फिरवून वापरायची यंत्रणा खऱ्या अर्थाने उभी राहिली, मिठाचं पाणीसुद्धा परत डाईंगला वापरायला लागले. संशोधन आधीपासून होतंच. कपाटात होतं.

रंगारी_उधना

वरचं अर्धवट राहिलं, सुपरवायझर आला होता. नवं काय चाललंय ते सांगतो.

एक, कापसालाच आधी धनभार द्यायचा. मग रंग आपणहून येऊन बसतो, मीठ लागत नाही. लॅबमध्ये छान. मोठ्या लॉटला रंग एकसारखा बसवणं अवघड, ठिगळं दिसतात.

दोन, बिनपाण्याचं डाईंग. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७४ बारच्या पुढे नेला की तो धड वायू नसतो, धड द्रवही नसतो. त्यात रंग विरघळतो, कापडात शिरतो, दाब सोडला की वायू परत टाकीत. कापड कोरडंच बाहेर येतं. हे पॉलिस्टरला जमतं, कापसाला अजून नाही. आणि मशीन बघितलं तर बॉयलरचा बाप.

तीन, विकरं. हे तर येऊन जुनं झालं. ब्लीचनंतर उरलेलं पेरॉक्साइड काढायला आधी दोन-तीन गरम धुलाया लागायच्या, आता चिमूटभर कॅटालेज टाकलं की काम होतं. यावर कुणी लेख लिहीत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

आणि चौथं कुठल्या पेपरात येत नाही ते. गिऱ्हाईकाला "मोरपंखी पण जरा धुरकट" असा रंग हवा असतो. पहिल्या फेरीत शेड जुळली नाही की तोच लॉट पुन्हा रंगवायचा. दुप्पट पाणी, दुप्पट मीठ, दुप्पट कोळसा. माझ्या मते शेड पहिल्याच वेळी बरोबर काढणारा पोरगा कुठल्याही केळीच्या धाग्यापेक्षा पर्यावरणाला जास्त कामाचा. त्याला पगार किती मिळतो ते विचारू नका.

निंबाभाऊ

मोरपंखी पण धुरकट = मनी बायको साडी लेवाले गई तवयना रंग. बठ्ठा दुकान खाले काढी दिन्हं.

पळसफूल

रंगारीभाऊ, तुमचं सगळं वाचलं. पण मुळात ते रसायन घ्याच कशाला? मी जळगावात नैसर्गिक रंगांच्या ओढण्या करते. डाळिंबाची साल, हरडा, मंजिष्ठा, कात, झेंडू. आपल्या आज्या पळसाची फुलं उकळून होळीचा रंग करायच्याच ना? पाणी झाडांना घालता येतं.

रंगारी_उधना

ताई, तुमच्या ओढण्या सुंदरच असणार. पण हिशेब मांडू. हळद आणि पळस उन्हात किती दिवस टिकतात? रंग पक्का करायला तुरटी घालता, काहीजण मोरचूदही घालतात, ते पाणी झाडांना घालू नका. आणि किलोभर कापडाला किती किलो साल लागते? उद्या सगळं सुरत नैसर्गिक रंगावर न्यायचं ठरवलं तर डाळिंब खाणार कोण?

पळसफूल

मोरचूद मी वापरत नाही, तुरटीच. सगळं सुरत मला न्यायचंही नाही. वर्षाला दोनशे ओढण्या करते. साल ज्यूसवाल्याकडून फुकट मिळते, तो नाहीतर फेकूनच देतो. डाळिंबाची साल आणि हरड्यात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं, ते तुरटीबरोबर घट्ट धरतं. माझी पिवळी ओढणी चार वर्षं वापरात आहे. फिकट झाली, मान्य. माणूसही होतो.

शाल्मली_क

दोघांच्या मध्ये पडते. निळीत एक गमतीचं काम झालंय. डेनिमची नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून हायड्रोसल्फाइटने तिचं क्षपण करून ती विरघळवावी लागते आणि तिथेच सगळी घाण. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या एका गटाने २०१८ मध्ये जिवाणूंकडून निळीची आधीची अवस्था बनवून घेतली, साखरेचा रेणू चिकटवलेली. ती पाण्यात विरघळते. कापडावर विकर टाकलं की साखर सुटते आणि नीळ तिथल्या तिथे तयार होते. हायड्रोसल्फाइट लागतच नाही. नीळीचं झाड हेच करतं, पानात. अजून महाग आहे, पण नैसर्गिक विरुद्ध रासायनिक ही भिंत आता तशी उरली नाही एवढंच म्हणायचंय.

कपाशीवाला

पारोळ्याकडचा आहे. दोन दिवसांपासून वाचतोय, कापसाची बाजू घेणारा कुणी दिसेना.

एका टी-शर्टाला २७०० लिटर पाणी लागतं हे वाक्य माझ्या मुलीच्या पुस्तकात आहे. पोरगी मला म्हणते, पप्पा तुम्ही एवढं पाणी वापरता? अरे, कुठून आणू? माझी बारा एकर कपाशी कोरडवाहू. आभाळातून पडतं तेच. त्या २७०० मध्ये पावसाचं पाणीही धरलंय, आणि ते सगळ्या जगाची सरासरी काढून. मी कपाशी लावली नाही तर तो पाऊस काय टी-शर्ट कंपनीच्या टाकीत पडणार होता? पाण्याचा हिशेब करणारे हिरवं पाणी आणि निळं पाणी वेगळं मांडतात, म्हणजे पावसाचं वेगळं आणि विहीर-धरणाचं वेगळं. पोस्टरवर येईपर्यंत दोन्ही एक होतं.

आता केळी. बारमाही पाणी पिणारं पीक. रावेर-यावलच्या बोअर किती खोल गेल्या ते तापीकाठने सांगावं. त्या केळीच्या खांबाचा धागा "पर्यावरणपूरक" आणि माझा कापूस पापी. का? तर खांब टाकाऊ, म्हणून त्याच्या नावावर पाणी शून्य. पाणी सगळं केळ्याच्या खात्यात. हिशेबनीस असावा तर असा.

तापीकाठ

कपाशीभाऊ, केळीवर घसरू नका, सगळं ठिबक आहे. पण बोअरचं खरं आहे. आमची पहिली विहीर आजोबांनी खणली, त्यात पोहायला शिकलो. आता तिच्यात चिमण्या राहतात.

शाल्मली_क

कपाशीवाला यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. जीवनचक्र मूल्यमापनात, म्हणजे वस्तू बनण्यापासून टाकेपर्यंतच्या पर्यावरणाच्या हिशेबात, याला वाटणी म्हणतात. भावाभावांत शेत वाटतात तसंच. केळी आणि खांब यांत पाणी कसं वाटायचं, वजनावर की किमतीवर? किमतीवर वाटलं तर खांबाला शून्य. उद्या खांब विकला जायला लागला, त्याला भाव आला, की तो टाकाऊ राहत नाही आणि त्याच्या वाट्याला पाणी येतं. निम्मे शोधनिबंध या एका गृहीतकावर उभे असतात. माझाही एक त्यात आहे.

कपाशीवाला

प्रामाणिक माणूस दिसला की बरं वाटतं.

मग पुढचंही बोलून घेतो. कपाशीला पाप नाही असं मी म्हणत नाही. २००२ ला बीटी आली, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेली कपाशी, पहिली काही वर्षं फवारण्या कमी झाल्या. मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली, पांढरी माशी, तुडतुडे वेगळेच. फवारा पाठीवर घेऊन कापसाच्या ओळीत शिरलेल्या माणसाला पर्यावरण म्हणजे काय ते नाकानेच कळतं. वडील देशी लावायचे. बोंड लहान, धागा आखूड, पण रस शोषणारी कीड फारशी लागायची नाही आणि पाऊस पंधरा दिवस दडी मारून बसला तरी झाड उभं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण काढलेत. ते लावून विकायला गेलो तर जिनिंगवाला म्हणणार, एवढ्याशा मालासाठी मशीन वेगळं चालवू का? हायब्रीडमध्येच मिसळून टाकतो. संपलं संशोधन.

रंगीत कापसाचंही तेच. नागपूर आणि धारवाडने तपकिरी कापसाचे वाण काढले, रंगवायलाच नको, झाडावरच रंगीत. पण शेजारच्या पांढऱ्यात एक बोंड गेलं तर अख्खी गासडी खराब. मी लावला तर भाऊबंद पोळ्याला बैल आणणार नाहीत माझ्या दारात.

आणि सेंद्रिय! सातपुड्यापलीकडे खरगोन जिल्ह्यात कसरावदला २००७ पासून स्विस संस्थेचा प्रयोग चालूये, सेंद्रिय, बीटी आणि साधी शेती शेजारी शेजारी. सेंद्रियात उत्पन्न काहीसं कमी, पण खर्च पुष्कळ कमी, म्हणून हातात जवळपास तेवढंच पडतं. आमच्याइथून चार जण बघून आले, खूश होते. तोवर २०२० मध्ये बातमी आली की भारतातून २०,००० टन कापूस खोट्या सेंद्रिय दाखल्यावर गेला. दाखला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेच जाहीर केलं. आता खरा सेंद्रियवाला गेला तरी गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे संशयाने बघतं. शेतात तीन वर्षं कळ काढायची त्याने, आणि कागद छापणारा एका रात्रीत सेंद्रिय.

गोधडी

मी अमळनेरची. आजोबा प्रताप मिलला होते. तुमच्या चर्चेत रसायन-बिसायन खूप आहे, मला एवढंच आठवलं की मिलचा भोंगा वाजला की आजी कणीक मळायला घ्यायची. मिल बंद झाली तरी कितीतरी दिवस ती त्याच वेळेला परातीपाशी जाऊन बसायची.

त्यांना मिलचं कापड मिळायचं त्याचा सदरा व्हायचा, सदरा विरला की त्याची माझ्या काकांना चड्डी, चड्डीचं मग फडकं किंवा गोधडीतला थर. मी आता गोधड्या शिवते, ऑर्डरीवर. जुनं कापड लोक आणून देतात. नव्वदच्या आधीच्या सुती साड्यांत सुई लोण्यासारखी जाते. हल्लीच्या पॉलिस्टर मिसळलेल्या साड्यांत सुई कुरकुरते, आणि थर एकमेकांवरून सरकतात. त्यांची गोधडी अंगावर घेतली की घाम येतो आणि ऊब येत नाही. परवा एक मुलगी "रिसायकल्ड" लिहिलेला टी-शर्ट घेऊन आली. बाटल्यांचा म्हणे. गोधडीत घाल म्हणाली. मी नाही म्हटलं.

शाल्मली_क

ताई, तुमच्या सुईला जे कळलं त्यावर आमच्याकडे मशिनरी आहे! जगात आता निम्म्याहून जास्त तंतू पॉलिस्टरच, कापूस साधारण पाचवा हिस्सा. सुती-पॉलिस्टर मिश्रण सोडवणं ही पुनर्वापरातली सगळ्यात मोठी डोकेदुखी. आणि बाटलीचा टी-शर्ट झाला की पुढे त्याचं फारसं काही होत नाही. बाटलीची बाटली झाली असती तर पुन्हा झाली असती.

खापर

प्रताप मिलच्या भोंग्यावर स्वतंत्र धागा काढा कुणीतरी. आमच्या जळगावलाही खानदेश मिल होती. आता तिथे मॉल आहे, त्यात बांगलादेशचे शर्ट मिळतात.

निंबाभाऊ

आणि त्या शर्टवर भरीत सांडी गये ते डाग निंघत नही.

संपादक

भरीत, भोंगा, भाऊबंद सगळं आलं. मूळ प्रश्न केळीच्या मशीनचा होता. चालू द्या.

तापीकाठ

डागावरून आठवलं. केळीवाल्या प्रत्येक घरात "केळीची कापडं" असतात. कटाईला, पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापायला, पानं उतरवायला तेवढीच घालायची. खांबावर कोयता बसला की पाणी उडतं. उडतं तेव्हा पाण्यासारखंच, काही दिसत नाही. संध्याकाळपर्यंत तांबूस, दुसऱ्या दिवशी काळपट. मग तो सदरा जन्मभर तसाच. आईने सोडा, लिंबू, रॉकेल सगळं करून पाहिलं. लग्नात मामांनी आप्पांना दिलेला सफारी एकदा घाईत बागेत नेला होता, त्यावर अजून बोलणी होतात.

रंगारीभाऊ, तुम्ही रंग पक्का बसत नाही म्हणता. हा कसा बसतो?

रंगारी_उधना

हा हा! पळसफूलताईंचा हरडा जे करतो तेच. खांबाच्या रसात टॅनिनसारखी द्रव्यं असतात. हवेत ती काळवंडतात आणि कापसाला घट्ट धरतात. त्यात कोयत्याचं लोखंड मिळालं की अजून काळं, जुन्या काळी शाई अशीच करायचे. आप्पांचा सफारी शास्त्रीय पद्धतीने रंगवला गेलाय, शेड तेवढी पास झाली नाही.

शाल्मली_क

थांबा थांबा, हे फारच जवळचं निघालं. माटुंग्याच्याच सिरकॉटमध्ये, म्हणजे १९२४ पासूनच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेत, केळीच्या खांबाचा रस सुती कापडाला लावून पाहिलाय. रंग खाकीसर येतो, आणि मुख्य म्हणजे कापड सहज पेट घेत नाही. रसात पोटॅश, फॉस्फरससारखे क्षार असतात, त्यांचा हा परिणाम. एरवी आग रोखायला कापडाला जी रसायनं लावतात त्यांतली बरीच घातक. म्हणून हे काम गाजलं. पडद्याला, तंबूला चांगलं. गोची एकच, धुतलं की गुण निघून जातो.

आणि गुजरातेत नवसारीच्या कृषी विद्यापीठाने खांबाच्या प्रत्येक भागाचं काहीतरी केलंय. तंतूचं कापड आणि कागद, रसाचं द्रवखत, गाभ्याची कँडीसुद्धा. तिथल्या कामातून एक दिसतं, एकट्या तंतूवर हिशेब बसत नाही. मशीनवाले फक्त तंतूचं बोलले असतील तर त्यांना रसाचं काय करता ते विचारा.

तापीकाठ

विचारतो. आप्पांचं म्हणणं अजून एक आहे. खांब बांधावर सडत नाहीच मुळी. आम्ही कापून रोटाव्हेटर मारतो, पोटॅश जमिनीला परत मिळतं. तो विकला तर तेवढं पोटॅश पोत्यातून विकत आणावं लागेल. हे त्या पोरांच्या ब्रोशरमध्ये नव्हतं.

सूतगिरणी

आप्पांना माझ्यातर्फे ब्लोरूमचा (कापूस मोकळा करून झाडायच्या खात्याचा) मॅनेजर करून टाका.

तापीकाठ (दीड महिन्यानंतर)

धागा वर काढतोय, काहींनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं होतं.

मशीनवाल्यांना फोन केला. तंतू तुम्ही विकत घेणार असाल तर भाव आणि वजन कागदावर लिहून द्या म्हटलं. "सर, ते आमचं दुसरं डिपार्टमेंट बघतं." दुसऱ्या डिपार्टमेंटचा नंबर लागला नाही. शेजारच्या गावात एकाने घेतलंय म्हणून बघून आलो. दोन माणसं, एक सोपट (खांबाचा सुटा पदर) धरून फिरत्या ड्रममध्ये सरकवतो, अर्धं गेलं की ओढून उलटं करतो, दुसरा धुऊन तारेवर टाकतो. तंतू देखणा, सोनेरी, वाऱ्यावर हलला की थांबून बघावंसं वाटतं. दिवसाला पंधरा किलो निघतो म्हणाला. मजुरी, डिझेल, खांब वाहून आणायचा ट्रॅक्टर, सगळं धरून तो गप्प बसला. दोर वळणाऱ्या एका बचत गटाला देतो, त्यांना लागेल तेवढाच काढतो. तेवढ्यापुरतं चाललंय त्याचं, मशीन बंद पडलेलं नाही. आम्ही यंदाच्या कांदेबागेला (केळीच्या पावसाळ्यानंतरच्या लागवडीला) मशीन घेत नाही. रोटाव्हेटर.

दुसरं, शाल्मलीताईंनी आप्पांचा एक केळीचा सदरा तपासायला मागितला होता. आईला सांगितलं की प्रयोगशाळेत जायचाय. तिने तो सर्फमध्ये भिजवून, घासून, निळ लावून, इस्त्री करून, घडी घालून दिला. "मुंबईला जायचाय, लोक काय म्हणतील."

शाल्मली_क

सदरा पोचला. काकूंनी किती वेळा धुतला असेल?

तापीकाठ

अकरा वर्षं. आठवड्यातून दोनदा धरा.

शाल्मली_क

म्हणजे आमच्या धुलाई चाचणीच्या कितीतरी पुढे. मग सगळं रीतसर केलं. डागाची शेड मोजली, डागाजवळची एक पट्टी कापली, चिमट्यात धरून ज्योत लावली.

डाग जसाच्या तसा. पट्टी धडधडून पेटली.

रंगारी_उधना

पास होतो तो नको असलेला, नापास होतो तो हवा असलेला. आमच्या लॅबचं रोजचं आहे ताई.

तापीकाठ

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले पेटवला तर पेटवला, बाकीचा परत पाठवायला सांग, नवतीची कटाई लागलीय.

निंबाभाऊ

आप्पासले सांगा, बाही नही ते बनियन म्हनीसन घाला.